अंश आणि छेद

दहावीचा निकाल मोबाइलवर उघडायला दोन गोष्टी लागतात: आसन क्रमांक आणि आईचं नाव. दुपारी एक वाजता मंडळाचं संकेतस्थळ सुरू होतं आणि वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीच्या मंदिराजवळ, आजूबाजूच्या तांड्यांवर, मानोऱ्याच्या रस्त्यावर मुलं घोळक्याने उभी राहून आपापल्या आईचं नाव टाइप करू लागतात. यातल्या कितीतरी आया महिना-दोन महिन्यांपूर्वीच उसाच्या फडातून परतलेल्या असतात. पोरगं मार्चमध्ये गणिताचा पेपर सोडवत होतं तेव्हा त्या शेकडो किलोमीटर दूर मोळ्या बांधत होत्या.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ठरलेले मथळे येतात. कोकण अव्वल. मुलींची बाजी. राज्याचा निकाल इतक्या टक्क्यांनी वाढला किंवा घसरला. आपला विभाग कितवा, विभागात आपला जिल्हा कितवा. अमरावती विभागाच्या यादीत वाशीमचं नाव अलीकडे अनेकदा वरच्या ओळीत असतं आणि जिल्ह्याला त्याचा अभिमान वाटतो. तो वाटायलाच हवा. पण हाच वाशीम जिल्हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतही आहे. २०१८ साली सुरू झालेल्या त्या कार्यक्रमात महाराष्ट्राचे चारच जिल्हे घेतले गेले: नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद म्हणजे आजचा धाराशिव, आणि वाशीम. विकासात मागे असलेले जिल्हे निवडताना आरोग्य, पाणी, शेती यांच्यासोबत शिक्षणही मोजलं गेलं होतं. एका यादीत पुढे आणि दुसऱ्या यादीत मागे, असं कसं? दोन्ही याद्या खऱ्या आहेत. त्यांचा मेळ लावायचा तर टक्का म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागते.

टक्का हा अपूर्णांक आहे. वर अंश, खाली छेद. पास झालेली मुलं वर, परीक्षेला बसलेली मुलं खाली. आपण सगळे वरच्या आकड्याकडे बघतो. मला या लेखात मुख्यतः खालच्या आकड्याबद्दल बोलायचं आहे. पण त्याआधी मोजपट्टीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण वर्षावर्षांचे निकाल शेजारी ठेवताना पट्टी तीच होती का हे फारसं कुणी विचारत नाही.

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ १ जानेवारी १९६६ ला अस्तित्वात आलं. तेव्हा मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, पोहरादेवीला काशी मानणाऱ्या बंजारा समाजातले. त्या काळी शालान्त परीक्षा अकरावीला असे. दहा अधिक दोनचा आकृतिबंध आला आणि मार्च १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. नाईकसाहेबांनी पद सोडून तेव्हा जेमतेम महिना होत होता. म्हणजे १९७५ च्या आधीचे आणि नंतरचे निकाल ही दोन वेगवेगळ्या परीक्षांची नोंद आहे. त्यानंतरही पट्टी स्थिर राहिली नाही. अंतर्गत गुण आले, तोंडी परीक्षा आल्या, ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आलं, कला-क्रीडेचे वाढीव गुण आले, ऑक्टोबरची परीक्षा जाऊन जुलैची फेरपरीक्षा आली. प्रत्येक बदलामागे काही ना काही चांगलं कारण होतं. परिणाम एवढाच झाला की आजोबांचे साठ टक्के आणि नातीचे नव्वद टक्के यांची तुलना करून दोघांपैकी कुणालाच न्याय मिळत नाही.

सगळ्यात बोलकी उदाहरणं अलीकडचीच आहेत. २०१८ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो ७७.१० वर आला. २०२० मध्ये ९५.३० झाला. एका वर्षात बारा टक्के बुद्धी कमी झाली आणि पुढच्या वर्षी अठरा टक्के वाढली, असं काही घडलं नव्हतं. २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे २० अंतर्गत गुण काढून घेतले होते आणि पूर्ण १०० गुण लेखी परीक्षेवर होते. निकाल कोसळला, ओरड झाली, २० गुण परत आले. शिवाय २०२० मध्ये कोरोनामुळे भूगोलाचा शेवटचा पेपर झालाच नाही आणि त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीने दिले गेले. २०२१ ला परीक्षाच झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला ९९.९५. २०२२ ला अभ्यासक्रम पंचवीस टक्क्यांनी कमी होता, वेळ जास्त होता आणि बहुतेकांना आपल्याच शाळेत केंद्र मिळालं होतं: ९६.९४. पुढच्या वर्षी पूर्ण अभ्यासक्रम आणि जुने नियम परतले: ९३.८३. मग २०२४ ला ९५.८१ आणि कॉपीमुक्त अभियान कडक झालेल्या २०२५ ला ९४.१०.

महासाथीच्या काळात असं इतरत्रही झालं. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये शाळा सोडतानाच्या ‘ए लेव्हल’ परीक्षेत वरच्या दोन श्रेणींचं प्रमाण २०१९ मध्ये २५.४ टक्के होतं, २०२१ मध्ये ते ४४.८ वर गेलं. तिथे परीक्षा नियामकांनी ठरवून ते टप्प्याटप्प्याने खाली आणलं आणि २०२३ मध्ये ते २७.२ झालं. वर्षावर्षांत तुलना करता यावी म्हणून तिथे पट्टी जपली जाते. आपल्याकडे पट्टी बदलली की निकालासोबत ती गोष्ट ठळकपणे छापली जात नाही, आणि मग उड्या आणि घसरणी मुलांच्या नावावर जमा होतात.

२०१९ च्या त्या घसरणीत पोहरादेवीसारख्या ठिकाणासाठी आणखी एक गोष्ट दडलेली आहे. तांड्यावरचं मूल घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलतं. याडी म्हणजे आई, आजी, देवाची गाणी, भांडणं, सगळं त्याच भाषेत. पहिलीत गेल्यावर त्याची मराठीशी गाठ पडते, आणि दहावीच्या वेळापत्रकात त्याच मराठीला ‘प्रथम भाषा’ म्हणतात. बोलून दाखवण्याचे वीस गुण हे अशा मुलासाठी खिरापत नव्हते. जी भाषा ते बाजारात आणि शाळेत बोलायला शिकलं होतं तिची ती खरी पावती होती. ते गुण काढून सगळं वजन लेखी उत्तरांवर टाकलं की शहरातल्या मराठी घरातल्या मुलाला जेवढं जड जातं त्यापेक्षा तांड्यावरच्या मुलाला कितीतरी जास्त जड जातं. त्या वर्षी अमरावती विभागाचा निकाल ७१.९८ होता, नागपूरचा ६७.२७, आणि कोकणचा ८८.३८. पट्टी कडक झाली आणि विभागांमधलं अंतर उघडं पडलं.

आता या अंतराकडे नीट बघू. २०१९ मध्ये कोकण आणि नागपूर यांच्यात २१ टक्क्यांची दरी होती. २०२४ मध्ये कोकण ९९.०१ आणि नागपूर ९४.७३, म्हणजे दरी सव्वाचार टक्क्यांची. वाचणाऱ्याला वाटेल, विदर्भाने पाच वर्षांत केवढी मजल मारली! पण शंभर ही छताची उंची आहे. सगळेच छताला टेकले की उंच आणि बुटके यांच्यातला फरक दिसेनासा होतो. म्हणून तोच आकडा उलटा करून बघावा. किती पास झाले याऐवजी किती राहिले ते मोजावं. २०१९ मध्ये नागपूर विभागात शंभरातली जवळजवळ ३३ मुलं राहिली आणि कोकणात १२ पेक्षा थोडी कमी. म्हणजे नागपूरच्या मुलाला नापास होण्याचा धोका कोकणातल्या मुलाच्या पावणेतीनपट होता. २०२४ मध्ये नागपूरला ५.२७ टक्के राहिले आणि कोकणात ०.९९. धोका पाचपटीहून जास्त. २०२५ मध्ये नागपूर ९०.७८ आणि कोकण ९८.८२, म्हणजे ९.२२ विरुद्ध १.१८, जवळपास आठपट. एकाच आकड्यांतून दोन उलट गोष्टी निघतात. नापास होणारी मुलं खूप कमी झाली, ही चांगली गोष्ट आहे. पण जी थोडी राहिली ती कुठल्या प्रदेशातली आहेत याचं विषम वाटप सुटलेलं नाही, उलट गडद झालेलं आहे. अमरावती विभागात २०२५ ला ९२.९५ टक्के पास झाले. इथल्या मुलाचा राहण्याचा धोका कोकणातल्या मुलाच्या सहापट ठरतो.

मग कोकण इतकं पुढे का? कोकण विभाग म्हणजे फक्त रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. ठाणे, पालघर, रायगड हे मुंबई विभागात जातात. आधी हे दोन जिल्हे कोल्हापूर विभागात होते. ते वेगळे झाले आणि तेव्हापासून कोकण दरवर्षी पहिला आहे. राज्यातून साडेपंधरा लाख मुलं दहावीला बसतात, त्यात कोकणची तीस हजारही भरत नाहीत. वस्त्या विखुरलेल्या, शाळा छोट्या, आणि शिक्षकाला प्रत्येक मुलाचं घर माहीत. साक्षरता जुनी, आणि मुंबईला पाठवलेल्या माणसाच्या मनिऑर्डरवर शिकण्याचीही परंपरा जुनी. तिथलं स्थलांतर एकट्या पुरुषाचं होतं. तो चाकरमानी झाला तरी आई आणि मुलं गावात राहिली, शाळा सुटली नाही. वाशीम, यवतमाळ, बीडकडचं स्थलांतर जोडीचं आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतली की दोघांना जावंच लागतं आणि मागे आजीजवळ ठेवता येत नसेल तर पोरही बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरवर बसतं. दोन्हीकडची माणसं पोटासाठीच घर सोडतात. शाळेच्या दृष्टीने मात्र कोण घरी उरतं यावर सगळं अवलंबून असतं. कोकणच्या यशाची कारणं सांगताना ही गोष्ट क्वचितच कुणी बोलून दाखवतं, मला ती फार मोठी वाटते.

सीमा कुठे आखली यावरही क्रमांक ठरतो. कोल्हापूरमध्ये विरघळलेलं कोकणचं यश रेघ मारल्यावर दिसू लागलं. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला, त्याआधी पोहरादेवीच्या मुलाचा निकाल अकोल्याच्या सरासरीत मिसळून जाई. आणि अमरावती विभाग होण्यापूर्वी सगळा विदर्भ नागपूरच्या खात्यात होता. सरासरीच्या पोटात काय काय लपतं याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण लातूरचं आहे. ‘लातूर पॅटर्न’ने बारावी विज्ञानात आणि वैद्यकीय प्रवेशात राज्याला धडे दिले, आजही विदर्भातली मुलं पेट्या उचलून लातूरला जातात. पण २०२५ च्या बारावीच्या निकालात लातूर विभाग ८९.४६ टक्क्यांसह राज्यात शेवटचा होता. याच विभागातल्या नांदेडमध्ये २०१० च्या सुमारास तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपी रोखायची मोहीम हाती घेतली तेव्हा निकाल एकदम खाली आला होता. खाली आलेला तो निकाल आधीच्या फुगलेल्या निकालापेक्षा मुलांशी जास्त प्रामाणिक होता असं मी मानतो.

आता छेदाकडे येऊ.

समजा, एका तांड्यावर एका वर्षी चाळीस मुलांनी पहिलीत नाव घातलं. चौथीपर्यंत गावातच शाळा, सगळी टिकली. पुढे शाळा लांब झाली, काही मुली धाकट्या भावंडांसाठी घरी राहिल्या. आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही असा तेव्हा नियम होता म्हणून पटावर नावं राहिली. हंगामी वसतिगृहं मुख्यतः आठवीपर्यंतच्या मुलांसाठी, त्यामुळे नववीत हंगाम आला की पेच पडतो. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा आता फडात अर्धा कोयता होऊ शकतो, आणि त्या वयाच्या मुलीला एकटीला मागे ठेवायला आई-बाप घाबरतात. काहींचं लग्न होतं. चाळिसातली वीस दहावीच्या परीक्षेला बसली आणि एकोणीस पास झाली. निकाल ९५ टक्के. तांड्याला आनंद होतो आणि तो खोटा नाही, त्या एकोणीस जणांनी घाम गाळलेला आहे. पण चाळिसांच्या हिशेबाने निकाल ४७.५ टक्के आहे. उरलेली वीस मुलं नापास झाली नाहीत. ती मोजलीच गेली नाहीत. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले, पण हिशेबाची रीत खरी आहे.

‘शालान्त’ हा शब्द सुंदर आहे. शाळेचा अंत जिथे होतो तिथली परीक्षा. या मुलांच्या शाळेचा अंत त्या परीक्षेच्या दोन-तीन वर्षं आधीच झालेला असतो आणि त्याला कुठलं नाव नाही, मथळा नाही, शाळा सोडल्याचा दाखलाही बहुधा नाही, कारण सोडताना कुणी सांगून सोडत नाही. दिवाळी झाली, गाड्या भरल्या, आणि बाक रिकामा झाला.

छेद आणखी एका वाटेने लहान होतो. नववीत कच्ची वाटणारी मुलं दहावीला नियमित म्हणून न बसवता त्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरायला सुचवायचं, म्हणजे ती खासगी विद्यार्थी होतात आणि शाळेचा शंभर टक्के निकाल शाबूत राहतो, अशी तक्रार राज्यभर वर्षानुवर्षे ऐकू येते. सतरा नंबरची सोय चांगली आहे. संसाराला लागलेल्या बाईला, कामावरच्या पोराला पुन्हा परीक्षेपर्यंत येता यावं यासाठी ती आहे. पण राज्याचा म्हणून गाजतो तो निकाल नियमित विद्यार्थ्यांचा. खासगी आणि फेरपरीक्षा देणाऱ्यांचे आकडे मंडळ वेगळे देतं आणि ते मथळ्यात येत नाहीत.

मुलींच्या यशालाही ही कसोटी लावावी लागते. २०२५ मध्ये ९६.१४ टक्के मुली पास झाल्या आणि ९२.३१ टक्के मुलगे. २०१९ च्या कडक वर्षात तर हा फरक साडेदहा टक्क्यांचा होता. मुली जास्त नेटाने अभ्यास करतात हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. पण परीक्षेला बसल्या किती? २०२५ मध्ये नियमित मुलगे सुमारे ८ लाख २३ हजार होते आणि मुली सुमारे ७ लाख २२ हजार. हजार मुलग्यांमागे ८७८ मुली. ही मुलं २००९-१० च्या आसपास जन्मलेली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. म्हणजे या निकालातून गैरहजर असलेल्या मुलींपैकी बहुतेक जणी शाळेतून गळल्या नव्हत्या. त्या शाळेच्या वयापर्यंतच काय, जन्मापर्यंतच पोहोचल्या नव्हत्या. उरलेल्या थोड्या वाटेत गळल्या. ‘मुलींची बाजी’ हा मथळा वाचताना मला हे दोन आकडे शेजारी दिसतात.

छेद भरलेला असेल तर टक्क्याला वेगळाच अर्थ येतो. केरळमध्ये २०२४ च्या दहावीत ९९.६९ टक्के मुलं पास झाली. तिथे जवळपास प्रत्येक मूल दहावीपर्यंत पोहोचतं, त्यामुळे तो आकडा खरोखरच पिढीबद्दल बोलतो. तो सढळ हाताने दिलेल्या गुणांचा असेल, त्यावर तिथेही वाद होतात, पण त्यातून मुलं हरवलेली नाहीत. आपल्या आकड्याबद्दल असं म्हणता येत नाही.

आणि जी पोहोचली, पास झाली, ती शिकली किती, हा प्रश्न उरतोच. २०२३ च्या ‘असर’ सर्वेक्षणात देशातल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांतली चौदा ते अठरा वयाची मुलं तपासली गेली. त्यांतल्या पाव मुलांना आपल्याच भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सरळ वाचता आला नाही, आणि साधा भागाकार जमला तो निम्म्याहून कमी मुलांना. नव्वदीपार गेलेल्या निकालांच्या काळातली ही मोजणी आहे.

पोहरादेवीत ऑक्टोबर २०२४ मध्ये नंगारा वाद्याच्या आकाराचं बंजारा विरासत संग्रहालय उभं राहिलं. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून देशभर लदेणी करणाऱ्या समाजाचा इतिहास आता तिथे बघायला मिळतो. रामनवमीच्या यात्रेला संत सेवालाल महाराजांच्या दर्शनासाठी देशभरातून लाखो माणसं येतात. यात्रा बरोबर परीक्षा आणि निकाल यांच्या मधल्या दिवसांत पडते. कारखान्यांचा हंगाम संपलेला असतो, पांगलेली घरं परत एकत्र आलेली असतात. कोणाचं पोर दहावीला बसलं आणि कोणाचं बसलं नाही, हे या दिवसांत प्रत्येक तांड्याला नावानिशी ठाऊक असतं.

सरकारलाही ते ठाऊक असू शकतं, आणि ही गोष्ट अगदी नवी आहे. २०१५ साली राज्यात ‘सरल’ ही संगणकीय नोंद सुरू झाली आणि प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचा क्रमांक मिळाला. मूल मानोऱ्यातून पुण्याला गेलं, शाळा बदलली, तरी क्रमांक तोच. त्या जूनमध्ये जी मुलं पहिलीत बसली, ती एकही वर्ष न गमावता पुढे गेली असतील तर त्यांनी मार्च २०२५ मध्ये दहावीची परीक्षा दिली. पहिलीपासून दहावीपर्यंत ज्यांचा माग काढता येईल अशी महाराष्ट्रातली ही पहिली तुकडी. यापूर्वी छेद मोजायला अंदाज लागायचे, दाखल-खारीजची पिवळी पडलेली रजिस्टरं चाळावी लागायची, आणि दुसऱ्या गावी जाऊन शिकलेलं मूलही गळालेलंच धरलं जायचं. आता हे मोजायला नवं सर्वेक्षण लागत नाही. मे महिन्यात विभागवार निकाल जाहीर होतो तेव्हा त्या तक्त्यात एक रकाना वाढवावा: दहा वर्षांपूर्वी या तालुक्यात पहिलीत किती मुलं होती आणि त्यांपैकी आज, राज्यात कुठेही असोत, दहावी पास किती झाली. मानोरा तालुक्याच्या ओळीत तो आकडा काय येईल, ते मला वाचायचं आहे.